कंटेनरची ओटी

केळीचा कंटेनर तिकडेच जाळणार होते. सकाळी मेल उघडल्या उघडल्या शिवांगीला एवढं कळलं, आणि कळूनही तिला काही झालं नाही. तिनं मेल खालपर्यंत वाचला, पुन्हा वरून वाचला, मग टेबलावरचा चहा ओढला. चहावर साय धरली होती. ती बोटानं बाजूला केली आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. दुसरं कुणी असतं तर बोंब ठोकत बाहेर पळालं असतं. अर्धापूरच्या शिवारातली निवडक केळी होती त्यात, चेष्टा आहे का!

पण शिवांगीचं असं होऊन बसलं होतं खरं. लातूरला शेतकीची पदवी घेतली, उदगीरच्या घरात लग्न होऊन गेली, आणि दुसऱ्या पावसाळ्याच्या आत सोडचिठ्ठी घेऊन माहेरी आली. भांडण नाही, मारहाण नाही. नवऱ्याला ती नको होती, एवढंच, आणि त्यानं ते पोस्टाचा पत्ता सांगावा तसं सांगितलं. तेव्हापासून पोरीला काही वाटायचंच बंद झालं. भूक लागली की जेवायची, काम आलं की करायची. गावातल्या बाया म्हणायच्या, कसली घट्ट पोरगी आहे बघा, डोळ्याला पाणी म्हणून नाही. घट्ट कसली आलीय, बधिर झाली होती बिचारी.

मेलसोबत फोटो होते. निळा हातमोजा घातलेला एक हात, त्यावर हिरवा खण उलगडलेला. खणात मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक आणि कुंकवाची पुडी. मागे पेटी, पेटीत केळीच्या फण्या, अगदी नुकत्या धुतल्यासारख्या. दुसऱ्या फोटोत तांदळाचे दाणे मोठे करून दाखवले होते. त्यांच्यात बारीक काळे किडे होते, आणि खाली लिहिलं होतं की ते जिवंत आहेत. आखातातल्या बंदरावरच्या तपासणीवाल्यांना एवढं पुरलं. परक्या देशाचा किडा आपल्या मुलखात नको म्हणून एका पेटीसाठी त्यांनी सगळा कंटेनर जाळायचा हुकूम काढला.

माल घेणाऱ्या कंपनीनं पुढचं लिहिलं होतं. हे कुणी ठेवलं, कशासाठी ठेवलं, आणि त्या माणसाचं तुम्ही काय केलंत, ते संध्याकाळपर्यंत लेखी कळवा. नाही कळवलं तर तुमच्या पॅकहाउसचं नाव आमच्याकडून कमी होईल. मग पुढचे कंटेनर नांदेडच्या बाजारात उभे करा आणि मिळेल त्या भावाला विका.

कुणी ठेवलं हे शोधायची गरजच नव्हती. पॅकहाउसचा कारभार शिवांगीच बघायची, आणि प्रत्येक पेटीवर भरणाऱ्या बाईचा नंबर चिकटवायची पद्धत तिनंच पाडली होती. फोटोतल्या पेटीवर नंबर स्पष्ट दिसत होता. तो विठाबाईचा होता, आणि विठाबाई म्हणजे शिवांगीची माय.

आता हे पॅकहाउस म्हणजे काय ते सांगायला हवं. शेतकऱ्यांनी मिळून काढलेली कंपनी, हमरस्त्याला लागून पत्र्याची लांबलचक शेड, आत तुरटीच्या पाण्याचे हौद. शेतातून घड यायचे, बाया त्यांच्या फण्या सुट्या करायच्या, चीक धुवायचा, पुसायचं, पिशवीतली हवा ओढून पेटीत भरायचं. पुढं थंडगार कंटेनर, मुंबईकडचं बंदर आणि समुद्र. कंपनीचे अध्यक्ष राजशेखरअप्पा. त्यांना कुणी नुसतं विचारावं, अप्पा, आपली केळी एवढ्या लांब कशी काय जाऊ लागली, की झालं! अप्पा मांडी घालून सुरू. तिकडं दूर कुठल्याशा बेटांवर केळीला रोग पडला म्हणून अरबांना आपली आठवण झाली. पूर्वी माल वाटेत पिकून सडायचा, आता ही थंड पेटी निघाली. पूर्वी सौदा करायला माणूस धाडावा लागायचा, आता फोनवर घड दाखवला की तिकडचा शेठ तिथूनच मान हलवतो. रस्ता झाला, कर उतरले, सरकारनं दार उघडलं. आणि सगळं सांगून झालं की अप्पा म्हणायचे, "जग लई जवळ आलंय बघा, आता हातभर ऱ्हायलं." ऐकणाऱ्याला घरी जायची घाई असायची, पण अप्पांना कोण सांगणार.

हंगामातला पहिला कंटेनर निघायचा तेव्हा मोठा थाट असायचा. नारळ फुटायचा, ड्रायव्हरला टिळा लागायचा. गेल्या साली बायांनी नवीनच काढलं. पोटच्या पोरीसारखी वाढवली केळी, आता चालली लांब, मग लेकीला रिकामी कशी धाडायची? म्हणून त्यांनी कंटेनरची ओटी भरली. तांदूळ, खण, हळकुंड, सगळं साग्रसंगीत. शिवांगीनं आधीच बजावून ठेवलं होतं की काय हौस करायची ती बाहेर करा, आत एक दाणा जाता कामा नये. बायांनी ऐकलं. ट्रकच्या पुढच्या काचेपाशी ओटी ठेवली, फोटो काढले, एकमेकींना कुंकू लावलं. विठाबाई तेव्हा हौदाजवळ हात धूत उभी होती. तिला कुणी नको म्हटलं नाही. म्हणायची गरज काय? नवरा जाऊन एवढी वर्षं झाली, कुठं उभं राहायचं ते बाईला कळत होतं.

यंदाही तसंच झालं, असंच सगळ्यांना वाटलं होतं.

शिवांगी शेडमध्ये गेली. विठाबाई फण्या निवडत होती. चिकानं तिची बोटं काळी पडली होती आणि ती काळी बोटं फणीवरून इतक्या हलक्या हातानं फिरत होती, की झोपलेल्या केळीला जाग येऊ नये. शिवांगीनं तिच्यापुढं फोन धरला.

"हे तू ठेवलंस?"

विठाबाईनं पदराला हात पुसले, फोटो पाहिला. खोटं बोलावं असं तिच्या मनातही आलं नाही.

"हाव. म्याच ठेवलं," ती म्हणाली. "तिथवर पोचलं व्हय गं?"

"पेटीत का ठेवलंस, माय? आत ठेवायचं नाही हे मालूम नव्हतं तुला?"

"मालूम व्हतं की. पण भायेर ठेवायला मला कोण देनार?" विठाबाईनं पुढची फणी उचलली. "तुह्या लग्नात तुही वटी काकूनं भरली. मी दाराआडून बघितली. म्हनलं असू दे, रीत हाय. पर मनात ऱ्हायलं ना. मग ही पेटी जाऊन राहिली व्हती समुद्रापल्याड, मला कोन बघतंय तिथं? म्हनलं, पेटीला कुठं नवरा हाय, माह्या हातानं तिचं काय वाईट व्हनार. ठेवली मूठभर."

शिवांगीनं फोन खाली घेतला. काय वाटतंय ते तिनं आत चाचपून पाहिलं, आणि हाताला काही लागलं नाही. समोर माय होती, हौदात पाणी होतं, पाण्यावर केळीची सालं तरंगत होती.

"जाळू लागलेत," ती शेवटी म्हणाली. "सगळा कंटेनर."

"एका मुठीसाठी?"

"तांदळात किडे निघाले."

"घरचेच तांदूळ हाईत की," विठाबाई म्हणाली. "आपन तर खाऊन राहिलो रोज." मग तिला सगळा कंटेनर म्हणजे किती ते उमगलं असावं, कारण तिच्या हातातली फणी पाण्यात पडली आणि तिनं ती काढलीच नाही.

दुपारी अप्पांच्या खोलीत बैठक बसली. खोली कसली, शेडच्याच कोपऱ्यात पत्र्याचा आडोसा. आत शिंकलं तर बाहेर हौदावर ऐकू जातं. अप्पा खुर्चीत आणि समोर सटवाजी. जळणाऱ्या कंटेनरमध्ये सगळ्यात जास्त केळी सटवाजीची होती, त्यामुळं त्याला बोलायचा हक्क होता हे कुणीही मान्य करील. पण माणूस जे बोलला ते ऐकून कानात बोळे घालावेत.

"मी म्हनतो, इतक्या बाया हाईत, साऱ्यांनी गेल्या साली वटी भरली, काय झालं का?" सटवाजी मोठ्यानं म्हणाला. "माल पोचला, पैसा आला. आन औंदा हिनं भरली! रांडाव बाईनं वटी भरल्यावर दुसरं काय व्हनार हो? जळनारच."

"सटवाजी, जरा हळू," अप्पा म्हणाले.

"हळू काय? माह्या बागेचा कोळसा झाला तिकडं!"

"काका, किडे होते," शिवांगी म्हणाली. तिचा आवाज बँकेतल्या बाईसारखा सपाट होता. "तांदळात जिवंत किडे होते. गेल्या साली ओटी बाहेर होती, यंदा पेटीत गेली, एवढाच फरक आहे. सवाष्णीनं ठेवली असती तरी जाळलंच असतं."

"तू शिकेल हाईस, तू तसंच म्हननार," सटवाजी म्हणाला, "आन ती तुही माय हाय."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. बाहेर हौदावर पाण्याचा आवाज मघाशी येत होता, तो आता येत नव्हता.

अप्पांनी चष्मा पुसला. अप्पा मनानं वाईट नव्हते, पण मनानं चांगल्या माणसाला असल्या वेळी भलतंच सुचतं. ते म्हणाले, "पोरी, असं कर. तो बंगालचा पेट्या भरणारा पोरगा होता ना, गेल्या महिन्यात गावाकडं गेला, आता काय येत नाही तो. त्याचं नाव लिहून टाक. नंबर चुकून लागला म्हन. तुह्या मायचं नाव कशाला जगभर फिरवतीस? त्या पोराला काय फरक पडून राहिला?"

"त्याला तांदळाची ओटी कशाला भरायची असते हेच मालूम नाही, अप्पा."

"तिकडच्यांना तरी कुठं मालूम हाय!"

ते मात्र तितकंसं खरं नव्हतं. तिकडं दुबईत माल घेणाऱ्या कंपनीत मालाची गुणवत्ता पाहणारी बाई देविका, मूळची नांदेडचीच. वडील शाळेत शिक्षक होते, शिकून सवरून पोरगी तिकडं गेली. तीनला तिचा व्हिडिओ कॉल आला. नेहमी ती आधी इंग्रजीत सुरू करायची आणि मग मराठीवर यायची. आज सरळ मराठीत बोलली, आणि तेही इतक्या हळू की शिवांगीला फोनचा आवाज वाढवावा लागला.

"ओटी आहे ना ही?"

"हो मॅडम."

देविकानं आधी मागं वळून पाहिलं. तिच्यामागं मोठी काच होती आणि काचेत उन्हानं पांढरं झालेलं आकाश.

"काल मला साहेबांनी फोटो दाखवला," ती म्हणाली. "म्हणाले, तुझ्याच भागातला माल आहे, हे काय आहे सांग. त्यांना जादूटोणा वाटला होता. मी सांगितलं, मला माहीत नाही." तिनं आवाज आणखी खाली आणला. "माझ्या आईनं माझी ओटी भरली होती, निघताना, गाडीत बसायच्या आधी. तरी म्हटलं माहीत नाही. काय करणार, शिवांगी? मी कळवळून बोलले असते तर म्हणाले असते, गावाकडच्यांना पाठीशी घालते. इथं माझ्या जागेवर बसायला दहा जणी टपलेल्या आहेत."

"बरोबर आहे, मॅडम."

"खरं कारण लिही, थोडक्यात लिही, आणि नाव लिही. नाव नसलं की ते खोटं धरतात. त्या बाईला भरणीवरून काढलं असंही लिही. एवढं झालं की मी आतून निभावून नेते. कोण बाई आहे?"

"विठाबाई," शिवांगी म्हणाली. नात्याचं देविकानं विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही.

मग ती लिहायला बसली. आजवर कुणी इंग्रजीत ओटी भरली नसेल, तशी तिनं भरली. आमच्याकडं लेक दूर जाताना तिच्यासोबत धान्य द्यायची पद्धत आहे. एका कामगार बाईनं पद्धतीपोटी ते पेटीत ठेवलं. धान्य घरचं होतं, साठवणीत त्याला कीड लागली होती, औषध मारलेलं नव्हतं. नुकसानीचं कारण फक्त कीड. या ओळीतला 'फक्त' हा शब्द तिनं दोनदा खोडला आणि दोनदा लिहिला. खाली मायचं पूर्ण नाव घातलं. आजपासून भरणीच्या कामावरून कमी केलं, असं लिहिलं. आता आत कुणाचंही हळदकुंकू, फूल, दाणा येणार नाही, असंही लिहिलं. मग पाठवून दिलं.

उत्तर यायला वेळ लागला नाही. इथं तहसीलला एक दाखला काढायचा तर चपला झिजतात, आणि तिकडून समुद्रापलीकडून चहा उकळायच्या आत कागद आला. कारण मान्य. धान्यातली कीड. पुढचा कंटेनर रवाना करावा. अप्पांनी हात जोडले, सटवाजीनंही मान डोलावली आणि लगेच पुढच्या कंटेनरमध्ये त्याची केळी किती घेणार ते विचारलं. गडी बागेचा कोळसा विसरला सुद्धा! पण हौदावरच्या बाया आपापसात कुजबुजत होत्या, आणि शिवांगी जवळून गेली की गप्प होत होत्या. विठाबाईच्या जागेवर दुसरीच बाई उभी होती. विठाबाईला कुणी काही सांगायच्या आधीच ती घरी निघून गेली होती.

दिवस मावळायच्या आत शिवांगी घरी पोचली. अंगणात विठाबाई सुपात तांदूळ घेऊन बसली होती. दाणा दाणा उलटून बघत होती. बाजूला डबा उघडा पडला होता. किडे होते, सुपाच्या काठानं चालत होते, आणि विठाबाई त्यांना झटकतही नव्हती.

"हे बघ, आहेत की नाही किडे?" शिवांगी तिच्यासमोर बसली. "तिकडून कागद आलाय, माय. त्यांनी मान्य केलं. किड्यामुळं झालं, बाकी कशामुळं नाही. मोठ्या साहेबाची सही आहे त्यावर."

"कामावरून काढलं का मला?"

"हाव. मीच लिहिलं."

"बरं केलंस," विठाबाई म्हणाली, आणि ती हे मनापासून बोलली. तिच्या आवाजात राग असता तर शिवांगीला बरं वाटलं असतं. "पोटाला हाय आपल्याला, उपाशी थोडंच मरून राहिलो."

"माय, तुला पटलं का? किडे होते. तुझ्या हातानं काही झालं नाही."

विठाबाईनं सुपातले तांदूळ पुढं ओढले, मागं ओढले. "सटवाजी म्हनत व्हता ते म्या ऐकलं."

"तो काहीही बोलतो. त्याला काय कळतं? जगातली एवढी मोठी कंपनी म्हणते, किडे. तिकडच्या लोकांना पटलं, त्यांनी कधी खण पाहिला नाही, त्यांना पटलं!"

"त्यांना काय मालूम गं," विठाबाई म्हणाली. "त्यांच्यात न्हाई तसं काही."

शिवांगी उठली. काय करते आहे ते तिचं तिलाही नीटसं कळत नव्हतं. तिनं खांद्यावरची ओढणी काढली, तिची दोन टोकं हातात धरली आणि मायसमोर पसरली. काकूनं भरली त्या दिवशी शालू होता, दागिने होते, बँड वाजत होता. आज पॅकहाउसमधून आलेला मळका ड्रेस होता आणि ओढणीला चिकाचा डाग होता.

"भर माझी," ती म्हणाली. "तू भर. आत्ता."

विठाबाईनं वर पाहिलं. लेकीच्या गळ्यात काही नव्हतं, स्वतःच्या कपाळावर काही नव्हतं, आणि अंगणात दुसरं कुणी नव्हतं. तिचा हात तांदळात गेला. काळ्या पडलेल्या बोटांनी मूठ भरली, मूठ सुपाबाहेर आली, ओढणीपर्यंत आली. आता फक्त बोटं उघडायची होती. शिवांगीनं ओढणी आणखी पुढं केली. एवढं तिला कित्येक दिवसांत काही हवंसं वाटलं नव्हतं.

मूठ तिथंच थांबली. मग विठाबाईनं ती हळूच मागं घेतली आणि तांदूळ सुपात सोडून दिले.

"न्हाई गं माय," ती म्हणाली. "ती पेटी व्हती, जळली तर जळली. तू माही लेक हाईस."

ती सूप उचलून आत गेली. शिवांगी ओढणी पसरून तशीच उभी होती, आणि तिला आत फार दुखत होतं.